विश्लेषण : लेझरच्या आधी हिऱ्याचे पाते… चष्म्याचा नंबर उतरवणारे डॉ. फ्योदोरोव्ह कोण होते?

लग्नाआधी, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीआधी किंवा केवळ चष्म्याचा कंटाळा आला म्हणून आज हजारो तरुण लेझर शस्त्रक्रियेचा पर्याय निवडतात. पण चष्म्याचा नंबर शस्त्रक्रियेने घालवता येतो, हे जगातील सामान्य माणसाच्या मनावर ठसले ते लेझर येण्याच्या आधी. ते ठसवणारे सोव्हिएत नेत्रशल्यविशारद स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांच्या मृत्यूला पाव शतक उलटून गेले. त्यांची पद्धत आता जवळपास बंद झाली आहे. मात्र तिने उभे केलेले प्रश्न आजही प्रत्येक लेझर केंद्राच्या दारात उभे आहेत.

फ्योदोरोव्ह यांची चर्चा आजही का होते?

चष्मा असलेला डोळा हा बहुतेक वेळा आजारी डोळा नसतो. त्याची ठेवण थोडी वेगळी असते, इतकेच. समोर काच धरली की त्याला स्वच्छ दिसते. अशा निरोगी डोळ्यावर पाते चालवावे का, हा प्रश्न विसाव्या शतकातील बहुतेक नेत्रतज्ज्ञांच्या मते विचारण्याजोगाही नव्हता. मोतीबिंदू काढायचा तो दृष्टी जाते म्हणून. चष्मा काढायचा कशासाठी? फ्योदोरोव्ह यांनी हा प्रश्न उलटा केला. एका साध्या शस्त्रक्रियेने आयुष्यभराची काच सुटणार असेल, तर ती करायची का नाही, असा त्यांचा पवित्रा होता. या पवित्र्यातून लाखो लोकांचे चष्मे उतरले. आणि त्यातूनच निरोगी डोळ्याला हात लावण्यापूर्वी किती वर्षे पुढचे पाहायला हवे, हा धडाही वैद्यकशास्त्राला मिळाला. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या चरित्रात सापडतात.

वैमानिक व्हायचे होते, डॉक्टर कसे झाले?

फ्योदोरोव्ह यांचा जन्म ८ ऑगस्ट १९२७ रोजी युक्रेनमधील प्रोस्कुरोव्ह येथे झाला. या शहराचे आजचे नाव ख्मेलनित्स्की. वडील कामगाराचे लाल सैन्यातील बडे अधिकारी झाले होते. स्टालिनच्या काळातील धरपकडीत १९३८ मध्ये त्यांना अटक झाली आणि १७ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. लोकांचा शत्रू ठरवलेल्या माणसाच्या मुलाला त्या व्यवस्थेत पुढे काय वाढून ठेवलेले असते, हे सांगण्याची गरज नाही. कुटुंब दक्षिण रशियातील रोस्तोव्ह येथे आले. तरीही १९४३ मध्ये, युद्ध सुरू असताना, या मुलाने येरेवान येथील उड्डाणाच्या तयारी शाळेत प्रवेश मिळवला.

ते स्वप्न १९४५ मध्ये संपले. ट्रामच्या अपघातात त्यांना एका पायाचे पाऊल गमवावे लागले. वय १८. वैमानिक होण्याचा रस्ता बंद झाल्यावर त्यांनी रोस्तोव्हच्या वैद्यकीय संस्थेत प्रवेश घेतला आणि १९५२ मध्ये पदवी मिळवली. कृत्रिम पाऊल लावून ते पुढे आयुष्यभर पोहले, घोड्यावर बसले, शस्त्रक्रियागृहात तासन् तास उभे राहिले. शरीरातील उणीव यंत्राने, कौशल्याने भरून काढता येते, हा धडा त्यांनी प्रथम स्वतःच्या शरीरावर गिरवला होता.

पहिली नोकरी डॉन नदीकाठच्या वेशेन्स्काया या गावात होती. कादंबरीकार मिखाइल शोलोखोव्ह यांचे हे गाव. त्यानंतर उरल भागातील लिस्वा या औद्योगिक गावात त्यांनी काम केले. मोठ्या शहरांपासून दूर, साधनांची टंचाई आणि रुग्णांची रांग, अशा ठिकाणी त्यांचा हात घडला.

चेबोक्सारीत नोकरी का गेली?

फ्योदोरोव्ह १९५८ मध्ये व्होल्गा नदीवरील चेबोक्सारी शहरात, हेल्महोल्ट्झ नेत्रसंस्थेच्या शाखेत रुजू झाले. त्या काळी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया म्हणजे डोळ्यातले गढूळ झालेले भिंग काढून टाकणे. त्या जागी काहीच बसवले जात नसे. परिणामी रुग्णाला सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागे. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये डोळ्यात प्लास्टिकचे कृत्रिम भिंग बसवले होते. युद्धात विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसूनही डोळा ते सहन करतो, या निरीक्षणावर त्यांचा प्रयोग आधारलेला होता. पण पाश्चात्त्य देशांतही बहुतेक नेत्रतज्ज्ञ त्यांच्या विरोधात होते.

फ्योदोरोव्ह यांनी १९६० मध्ये जन्मजात मोतीबिंदू असलेल्या एका शाळकरी मुलीच्या डोळ्यात असे भिंग बसवले. सोव्हिएत संघातील ही अशी पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. ती यशस्वी झाली. बक्षीस म्हणून मिळाली बडतर्फी. डोळ्यात परकी वस्तू ठेवणे निसर्गाच्या विरुद्ध आहे, असा वरिष्ठांचा आक्षेप होता. त्यांची बाजू इझ्वेस्तिया या दैनिकाने लावून धरली, तेव्हा त्यांना पुन्हा कामावर घेणे भाग पडले. वर्तमानपत्र हे आपले दुसरे शस्त्र आहे, हे त्यांना येथेच उमगले असावे. पुढे वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांचा त्यांनी जितका वापर केला, तितका क्वचितच दुसऱ्या कोणा सोव्हिएत डॉक्टरने केला असेल.

यानंतर ते उत्तरेकडील अर्खांगेल्स्क येथे गेले आणि १९६७ मध्ये मॉस्कोत आले. याच वर्षी त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. कोणत्या डोळ्यात किती शक्तीचे कृत्रिम भिंग बसवायचे, हे डोळ्याची लांबी आणि पुढच्या पडद्याची वक्रता मोजून गणिताने काढण्याचे सूत्र त्यात होते. अशा प्रकारचे हे पहिले सैद्धांतिक सूत्र मानले जाते. या सूत्राचा संबंध पुढे एका विचित्र वळणावर पुन्हा येतो.

नंबर घालवण्याची कल्पना कुठून आली?

याची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. चष्मा लावणारा एक मुलगा मारामारीत पडला, चष्म्याची काच फुटली आणि तिच्या तुकड्यांनी डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, चिरला. जखम भरल्यावर तपासले तर त्याचा नंबर पूर्वीपेक्षा कमी झालेला. फ्योदोरोव्ह यांच्यासमोर हा रुग्ण आला आणि त्यातून शस्त्रक्रिया सुचली, अशी ही कथा आहे.

कथा वेधक आहे, पण ती अपुरी आहे. कॉर्नियाला चिरा देऊन त्याचा आकार बदलण्याचा प्रयत्न जपानमध्ये फार आधी झाला होता. टोकियोतील प्रा. त्सुतोमू सातो यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस हे काम सुरू केले. त्यांनी कॉर्नियाला बाहेरून आणि आतूनही चिरा दिल्या. सुरुवातीचे निकाल चांगले आले. घात झाला तो नंतर. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. तो कॉर्नियातील पाणी सतत बाहेर काढत राहतो, म्हणून कॉर्निया पारदर्शक राहतो. या पेशी नव्याने तयार होत नाहीत. आतून दिलेल्या चिरांनी हा थरच जखमी केला. या थराचे महत्त्व त्या काळी पुरेसे ठाऊक नव्हते. साधारण वीस वर्षांनी त्या रुग्णांचे कॉर्निया सुजून पांढुरके होऊ लागले. सातो यांचे १९६० मध्ये निधन झाले होते. आपल्या शस्त्रक्रियेचा हा शेवट त्यांना पाहावा लागला नाही. रुग्णांना मात्र तो भोगावा लागला.

सोव्हिएत संघातही फ्योदोरोव्ह यांच्या आधी काहींनी केवळ बाहेरून चिरा देऊन पाहिल्या होत्या. फ्योदोरोव्ह यांचे श्रेय पहिलेपणाचे नाही. त्यांनी १९७४ पासून ही शस्त्रक्रिया पद्धतशीर केली. आतल्या थराला हात लावायचा नाही, हे पक्के केले. चिरा किती, किती लांब, किती खोल, याचे गणित बसवले आणि ती मोठ्या प्रमाणावर करून दाखवली.

रेडियल केरॅटोटॉमी म्हणजे नेमके काय?

लांबचे अंधूक दिसणाऱ्या, म्हणजे उणे नंबरच्या डोळ्यात प्रकाशाचे किरण दृष्टिपटलावर न मिळता त्याच्या अलीकडेच एकत्र येतात. डोळा नेहमीपेक्षा लांब असल्याने किंवा कॉर्नियाची गोलाई जास्त असल्याने असे होते. डोळ्याची लांबी कमी करता येत नाही. पण कॉर्नियाचा मधला भाग सपाट केला, तर किरण थोडे मागे सरकून दृष्टिपटलावर पडतात. चष्म्याची उणे काच करते तेच काम मग कॉर्निया स्वतः करतो.

कॉर्नियाची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकून, सूक्ष्मदर्शकाखाली, हिऱ्याच्या पात्याने त्यावर सायकलच्या आऱ्यांसारख्या चिरा द्यायच्या. मधला तीन-चार मिलिमीटरचा भाग अस्पर्श ठेवायचा, कारण नजर त्यातून जाते. चिरेची खोली कॉर्नियाच्या जाडीच्या सुमारे ९० टक्के. त्याहून कमी खोल गेली तर परिणाम होत नाही, जास्त गेली तर डोळ्याला भोक पडते. चिरांमुळे कॉर्नियाची कड कमजोर होते, डोळ्यातील दाबाने ती किंचित बाहेर फुगते आणि तिच्यामुळे मधला भाग ताणला जाऊन सपाट होतो. सुरुवातीला १६ चिरा दिल्या जात. पुढे ८ आणि ४ चिरांवरही काम भागू लागले. काही मिनिटांत एक डोळा उरके आणि बरेच रुग्ण दुसऱ्या दिवशी चष्म्याशिवाय भिंतीवरचा तक्ता वाचत.

या पद्धतीची ताकद आणि तिचा दोष एकच होता. ती कॉर्नियाला कमजोर करूनच काम करत असे. एकदा कमजोर केलेली भिंत पुढची तीस-चाळीस वर्षे किती सरकत राहील, हे पात्याला ठाऊक नव्हते.

सरकत्या पट्ट्यावर शस्त्रक्रिया कशी होई?

फ्योदोरोव्ह यांची प्रयोगशाळा १९८० मध्ये स्वतंत्र संशोधन संस्था झाली आणि १९८६ मध्ये तिला डोळ्यांच्या सूक्ष्मशस्त्रक्रियेचे आंतरविभागीय संकुल असा दर्जा मिळाला. मॉस्कोत मोठी इमारत उभी राहिली. देशाच्या निरनिराळ्या शहरांत शाखा निघाल्या. त्यांतील एक शाखा चेबोक्सारीत आहे. ज्या शहराने कृत्रिम भिंग बसवल्याबद्दल त्यांना घरी पाठवले, त्याच शहरात त्यांच्या नावाचा दवाखाना सुरू झाला.

जगभर छायाचित्रे छापली गेली ती तेथील शस्त्रक्रियागृहाची. रुग्ण खाटेवर झोपून सरकत्या पट्ट्याने एका सर्जनकडून दुसऱ्याकडे जात. एक सर्जन डोळा तयार करी, दुसरा मोजमाप घेई, तिसरा मुख्य चिरा देई, चौथा शेवटची तपासणी करी. सर्वांत अवघड टप्पा सर्वांत तरबेज हाताकडे. फुलाच्या पाकळ्यांसारख्या मांडलेल्या टेबलांची गोल फिरणारी रचनाही होती. प्रत्येक सर्जनचे काम पडद्यावर दिसे, त्यामुळे चूक लपत नसे.

अनेकांना यात मोटारीचा कारखाना दिसला. रुग्ण म्हणजे सुटा भाग नव्हे. शस्त्रक्रियेनंतर काही बिघडले तर त्याने कोणत्या डॉक्टरचे दार ठोठवायचे, हा आक्षेप रास्त होता. फ्योदोरोव्ह यांची बाजूही पोकळ नव्हती. कुशल सर्जन मोजके आहेत, रांग मात्र लाखोंची आहे. मग त्या सर्जनचा वेळ डोळा पुसण्यात, पट्टी बांधण्यात का घालवायचा? एकच काम दिवसातून शेकडो वेळा करणारा हात चुकतो कमी, हेही खरे. भारतात मोतीबिंदूच्या सामुदायिक शस्त्रक्रियांचे मोठे प्रकल्प याच तर्कावर, पण वेगळ्या पद्धतीने उभे राहिले. तेथे रुग्णाचा सर्जन बदलत नाही. सर्जन दोन टेबलांमध्ये फिरतो. फरक एवढाच, की मोतीबिंदू काढला नाही तर माणूस आंधळा होतो. चष्मा काढला नाही तर तो चष्मा लावतो.

डॉक्टर, उद्योजक की राजकारणी?

तिन्ही. सोव्हिएत रुग्णालयांत सर्जनने दोन शस्त्रक्रिया केल्या काय किंवा वीस, पगार तेवढाच असे. फ्योदोरोव्ह यांनी आपल्या संस्थेत ही पद्धत मोडली. सरकारकडून शस्त्रक्रियांच्या संख्येनुसार पैसे घ्यायचे आणि मिळकतीतला वाटा डॉक्टरांपासून सफाई कामगारांपर्यंत ठरलेल्या प्रमाणात वाटायचा, अशी त्यांची योजना होती. परदेशी रुग्णांकडून परकी चलन येई. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पीटर द फर्स्ट नावाच्या जहाजावर तरंगता दवाखाना थाटून त्यांचे सर्जन भूमध्य समुद्रात आणि आखातात शस्त्रक्रिया करत हिंडले. मॉस्कोबाहेर संस्थेची शेती होती, घोडे होते. गोर्बाचेव्ह यांच्या सुधारणांच्या काळात नव्या सोव्हिएत माणसाचे उदाहरण म्हणून त्यांचे नाव घेतले जाऊ लागले. त्यांना १९८७ मध्ये समाजवादी श्रमवीर हा सन्मान मिळाला. लोकांचा शत्रू ठरलेल्या माणसाच्या मुलाचा हा प्रवास होता.

ते १९८९ मध्ये लोकप्रतिनिधी झाले आणि पुढे रशियाच्या संसदेतही बसले. कारखान्याचे मालक कामगारच असावेत, हा त्यांचा राजकीय विचार आपल्या रुग्णालयाच्या अनुभवातून आलेला होता. त्यासाठी त्यांनी पक्ष काढला आणि १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली. येल्त्सिन आणि झुगानोव्ह यांच्या लढतीत त्यांना एक टक्क्याहूनही कमी मते पडली. डोळ्यांच्या डॉक्टरला देश ओळखत होता, पण देशाची सूत्रे त्याच्या हाती द्यायला तयार नव्हता.

अमेरिकेने ही पद्धत तपासली तेव्हा काय आढळले?

मॉस्कोत ही शस्त्रक्रिया पाहून आलेल्या डेट्रॉईटच्या लिओ बोर्स यांनी १९७८ मध्ये ती अमेरिकेत सुरू केली. मागणी झपाट्याने वाढली. अनेक डॉक्टर काही दिवसांच्या प्रशिक्षणावर ती करू लागले. जुन्या पिढीचे प्राध्यापक अस्वस्थ झाले; सातो यांचे रुग्ण त्यांच्या डोळ्यांसमोर होते. अखेर अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या पैशातून नऊ केंद्रांत एक दीर्घ पाहणी हाती घेण्यात आली. पर्क या नावाने ती ओळखली जाते. शस्त्रक्रिया १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झाल्या, सर्वांसाठी पद्धत एकसारखी ठेवली गेली आणि रुग्णांना वर्षानुवर्षे पुन्हा बोलावून तपासले गेले.

दहा वर्षांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. चष्म्याशिवाय ८५ टक्के डोळ्यांची नजर ६/१२ किंवा त्याहून चांगली होती. निम्म्याहून थोड्या जास्त, म्हणजे ५३ टक्के डोळ्यांना ६/६ दिसत होते. दृष्टी गंभीररीत्या गमावण्याचे प्रमाण फारच थोडे होते. एवढे वाचून फ्योदोरोव्ह यांचा विजय झाला असेच कोणी म्हणेल. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा होता. शस्त्रक्रियेनंतरच्या सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंतच्या काळात ४३ टक्के डोळ्यांचा नंबर अधिकच्या दिशेने एक किंवा त्याहून जास्त सरकला होता. कॉर्निया सपाट होत होता आणि थांबत नव्हता. उणे नंबर घालवण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया हळूहळू अधिक नंबर देत होती. पंचविशीत हे जाणवत नाही, कारण तरुण डोळ्याचे भिंग जुळवून घेते. चाळिशीनंतर मात्र आधी जवळचे आणि मग लांबचेही अंधूक होऊ लागते.

त्याशिवाय अनेकांना रात्री दिव्यांभोवती आऱ्या दिसत. काहींची नजर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी असे. डोळ्याला जोरदार मार बसला तर जुन्या चिरेवरच तो फाटण्याचा धोका कायम राहिला.

एव्हरेस्टवर काय घडले होते?

या कमजोरीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १० मे १९९६ चे आहे. अमेरिकेच्या टेक्सासमधील डॉक्टर बेक वेदर्स यांनी गिर्यारोहणाआधी ही शस्त्रक्रिया करून घेतली होती. एव्हरेस्टच्या अखेरच्या चढाईत त्यांना दिसेनासे झाले. विरळ हवेत प्राणवायू कमी मिळाल्याने चिरांच्या जागी कॉर्निया सुजतो, त्याचा आकार बदलतो आणि नंबर एकदम अधिकच्या दिशेने जातो, हे पुढे अभ्यासांतून स्पष्ट झाले. ते वाटेतच थांबले आणि त्याच संध्याकाळी आलेल्या भीषण वादळात सापडले. मृत समजून सोडून दिलेले वेदर्स चालत तळावर परतले, पण त्यांना उजवा हात कोपराखाली गमवावा लागला. त्या दिवसाची शोकांतिका वादळाने घडवली, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेने नव्हे. तरीही वर्षानुवर्षे भरून आलेली वाटणारी चीर खरे तर कधीच पूर्ण भरत नाही, हे यातून जगाला कळले.

लेझरने नेमके काय बदलले?

न्यूयॉर्क राज्यातील आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये मद्रासमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी एक्सायमर नावाच्या अतिनील लेझरवर काम करत होते. सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या मांसावर त्यांनी तो चालवला. आजूबाजूला जराही न भाजता स्वच्छ खाच पडली. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्यासोबत १९८३ मध्ये हा लेझर कॉर्नियासाठी वापरता येईल, हे दाखवले. सुरुवातीला फ्योदोरोव्ह पद्धतीच्या चिराही याच लेझरने घेऊन पाहिल्या गेल्या. लवकरच लक्षात आले, की चिरा देण्याची गरजच नाही. लेझरच्या एकेका झटक्यात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ थर उडतो. मग कडा कमजोर करून मध्य सपाट होण्याची वाट कशाला पाहायची? मध्यच थेट हवा तसा तासता येतो.

याला दुसऱ्या एका धाग्याची जोड मिळाली. कोलंबियातील बोगोटा येथे स्पॅनिश वंशाचे सर्जन होसे बाराकेर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कॉर्नियाची पातळ चकती कापण्याचे तंत्र आणि उपकरण विकसित केले होते. ग्रीसमधील इओआनिस पालिकारिस यांनी १९९० च्या सुमारास दोन्ही एकत्र आणले. कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा झाकणासारखा उचलायचा, खालचा थर लेझरने तासायचा आणि झाकण परत ठेवायचे. हीच आजची लॅसिक. अमेरिकेत एक्सायमर लेझरला १९९५ मध्ये परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत रेडियल केरॅटोटॉमी मागे पडली.

तंत्राच्या वंशावळीत लॅसिकचे आजोबा बाराकेर आहेत, फ्योदोरोव्ह नव्हेत. पण बाराकेर यांचे काम मोजक्या सर्जनांपुरते राहिले. चष्मा घालवायला दवाखान्यात जाता येते, हे सामान्य माणसाला फ्योदोरोव्ह यांनी सांगितले. लेझर बाजारात आला तेव्हा त्याची वाट पाहणारी रांग आधीच उभी होती.

अखेर कशी झाली?

तरुणपणी हुकलेले उड्डाण फ्योदोरोव्ह यांनी उतारवयात शिकून घेतले. संस्थेचे स्वतःचे हेलिकॉप्टर होते. तांबोव्ह येथील कार्यक्रमाहून मॉस्कोला परतताना २ जून २००० रोजी हे हेलिकॉप्टर शहराच्या वेशीवर कोसळले. त्यात फ्योदोरोव्ह यांच्यासह सर्वांचा मृत्यू झाला. ते ७२ वर्षांचे होते. मॉस्कोतील संकुलाला आज त्यांचे नाव आहे. तेथे आता लेझरने शस्त्रक्रिया होतात.

आजच्या रुग्णाने यातून काय घ्यावे?

लेझर शस्त्रक्रियेपूर्वी आज ज्या तपासण्या होतात, त्यांतील बऱ्याच या इतिहासाने शिकवलेल्या आहेत. नंबर किमान वर्षभर स्थिर आहे ना, कॉर्नियाची जाडी पुरेशी आहे ना, त्याचा नकाशा सरळ आहे की कुठे तो शंकूसारखा पुढे येतो आहे, डोळे कोरडे पडतात का, हे पाहिले जाते. कारण लेझरही कॉर्नियाचा काही भाग काढूनच काम करतो. पातळ किंवा मुळात कमकुवत कॉर्निया त्यानंतर फुगत जाऊ शकतो. म्हणून काही जणांना नकार देणे हेच चांगल्या केंद्राचे लक्षण असते. नंबर गेला तरी चाळिशीत वाचायचा चष्मा लागतोच, हेही आधी सांगायला हवे. लवकर उरकणारी, कमी दुखणारी शस्त्रक्रिया म्हणजे छोटा निर्णय नव्हे.

आणि ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात चिरांची शस्त्रक्रिया करून घेतली, त्यांचे काय? भारतातही अनेकांनी ती केली होती. ही मंडळी आता साठी-सत्तरीत आहेत आणि मोतीबिंदूसाठी डॉक्टरकडे येत आहेत. येथे एक अडचण उभी राहते. डोळ्यात बसवायच्या भिंगाची शक्ती काढताना कॉर्नियाची वक्रता मोजावी लागते. नेहमीचे यंत्र ती अगदी मध्यावर न मोजता थोड्या बाहेरच्या वर्तुळावर मोजते. चिरा दिलेल्या डोळ्यात सपाटपणा मध्यभागी असतो, त्यामुळे माप चुकते, भिंग कमी शक्तीचे निवडले जाते आणि मोतीबिंदू काढूनही रुग्णाला अधिक नंबरचा चष्मा लागतो. यावर आता वेगळी सूत्रे आणि वेगळी यंत्रे आहेत. पण त्यासाठी डोळ्यावर पूर्वी चिरा दिल्या होत्या, हे रुग्णाने आठवणीने सांगायला हवे. जुने कागद, जुना नंबर सापडला तर सोबत न्यायला हवा. लॅसिक झालेल्यांनाही पुढे हीच काळजी घ्यावी लागते.

कोणत्या डोळ्यात किती शक्तीचे भिंग, हे गणिताने सांगणारे पहिले सूत्र फ्योदोरोव्ह यांचे होते. त्या गणिताला चकवणारा कॉर्नियाही त्यांच्याच पात्याने घडवला. त्यांच्या एका शस्त्रक्रियेने चष्मा उतरलेल्या माणसाला आता जी दुसरी शस्त्रक्रिया हवी आहे, ती डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची आहे. चेबोक्सारीत ज्यासाठी त्यांची नोकरी गेली होती, तीच.